खाडीतला नांगर आणि कंबरेचे दुखणे

प्रश्न (बेलापूर) : माझ्याकडे २२ फुटांची शिडाची होडी आहे. सुटीच्या दिवशी पत्नी आणि मी बेलापूरहून निघून पनवेल खाडी ठाणे खाडीला मिळते त्या बाजूला जातो, नांगर टाकून जेवतो आणि पाणी फिरले की परततो. नांगर डॅनफोर्थ पद्धतीचा, ७ किलोंचा आहे. त्याला ८ मिलिमीटर जाडीची ८ मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर आहे. अलीकडे चिखलात रुतलेला नांगर ओढताना माझ्या कंबरेत उसण भरली आणि कित्येक दिवस सरळ उभे राहता येईना. आता दुखणे थांबले आहे, पण वय ५४ आहे आणि पुन्हा तसे होईल अशी धास्ती वाटते. विजेवर चालणारे विंडलास (नांगर वर ओढणारे यंत्र) बसवावे, की होडीच विकून टाकावी?

उत्तर : होडी विकण्याची वेळ आलेली नाही आणि विंडलासचा खर्चही बहुधा वाचेल. आधी आपण दिलेले आकडे मांडून पाहू, कारण दुखण्याचे मूळ त्यांतच सापडते. ८ मिलिमीटर साखळीचे वजन मीटरमागे सुमारे १.४ किलो असते, म्हणजे आपली साखळी ११ किलोंची आणि नांगर धरून सगळे लोखंड १८ किलोंचे झाले. पाण्यात बुडालेले लोखंड सुमारे १३ टक्क्यांनी हलके भरते. शिवाय ५ मीटर पाण्यात नांगर तळ सोडतो तेव्हा साखळीचा काही भाग आधीच होडीत आलेला असतो. त्यामुळे हाताला लागणारे ओझे, चिखल सोडला तर, १४ किलोंच्या पुढे जात नाही, आणि दोर-साखळी वर येईल तसे ते कमीच होत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर दोन्ही हातांनी उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. त्या मापाने आपला नांगर जड नाही.

मग कंबर का धरली? एक कारण म्हणजे ‘अनुकूल परिस्थिती’ याचा अर्थ ओझे शरीराला लागून असणे, पाठ न वळणे आणि पकड चांगली असणे असा आहे, आणि होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकाशी) कठड्यावरून वाकलेल्या माणसाला यांपैकी काहीच लाभत नाही. पाठीचा कणा सावरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर मागे असतात. ओझे त्याच मध्यापासून ५० सेंटीमीटर पुढे धरले, तर त्या स्नायूंना ओझ्याच्या दहापट जोर लावावा लागतो. १४ किलोंसाठी १४० किलोंचा ताण, आणि वाकलेल्या धडाचे वजन त्याहून निराळे. हा सगळा दाब कंबरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपण त्या दिवशी नांगर उचलतच नव्हता. आधी वाऱ्याविरुद्ध होडी ओढत होता आणि नंतर खाडीच्या चिखलाशी झटत होता. ही दोन्ही कामे माणसाच्या पाठीची नव्हेत. ‘नांगर उचलणे’ या एका नावाखाली तीन कामे येतात : होडी नांगराच्या माथ्यावर आणणे, नांगर तळापासून सोडवणे आणि सुटलेला नांगर वर घेणे. हातांनी करायचे आहे ते फक्त तिसरे.

पहिले काम इंजिनाचे किंवा शिडाचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून सकाळी सहज ओढता येणारी होडी दुपारचा पश्चिमेचा वारा सुटल्यावर हलतही नाही. आपल्या पत्नीने सुकाणूवर राहून इंजिन सर्वांत मंद गतीवर नांगराच्या दिशेने चालवावे आणि आपण नाळेवर बसून फक्त सैल पडलेला दोर आत घ्यावा. दोर ताणला की ओढायचे नाही. क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) एक वेढा देऊन थांबायचे आणि होडी पुढे सरकून दोर पुन्हा सैल होण्याची वाट पाहायची. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू जात नाहीत, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवाव्यात : दोर कोणत्या दिशेला आहे, दोर उभा झाला, नांगर सुटला, आणि थांबा. एवढ्या चार पुरतात. पुढे गेलेली होडी दोरावरून जाऊन तो पंख्यात गुंतणार नाही, याकडे मात्र नाळेवरच्या माणसाने सतत लक्ष ठेवले पाहिजे. इंजिन नसेल तर मोठे शीड चढवून डावी-उजवीकडे छोटे छोटे टप्पे घेत होडी वाऱ्यावर चढवावी. प्रत्येक टप्प्यात होडी नांगराकडे येते तेव्हा थोडा दोर सैल मिळतो, तेवढाच घ्यावा.

खाडीत एक गोष्ट खुल्या समुद्राहून वेगळी असते : नांगरावरची होडी पुष्कळदा वाऱ्याकडे नव्हे तर प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. भर ओहोटीत, विशेषतः उधाणाच्या दिवसांत, प्रवाहाचा जोर वाऱ्याहून भारी पडतो. म्हणून निघण्याची वेळ शक्यतो पाणी फिरण्याच्या सुमारास, प्रवाह थबकतो तेव्हा साधावी. आपल्या किनाऱ्यावर यासाठी जुना आणि चांगला हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला १२ च्या आगेमागे. आणि सुकती, म्हणजे ओहोटी पूर्ण होण्याची वेळ, त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास. हा अंदाज आहे. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांतील मुंबईची, म्हणजे अपोलो बंदरची वेळ पाहावी आणि खाडीत आतवर पाणी थोडे उशिरा पोहोचते हे ध्यानात ठेवावे. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, प्रवाह सौम्य असतो. दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या माणसाने सुरुवातीच्या काही फेऱ्या याच दिवसांत कराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

आता दुसरे काम, आणि आपली कंबर बहुधा इथेच गेली. ठाणे खाडीचा तळ मऊ काळ्या गाळाचा आहे. डॅनफोर्थचे रुंद, चपटे फाळ अशा गाळात खोल शिरतात, आणि याच गुणासाठी तो नांगर चिखलात वापरला जातो. फाळांवर गाळाचा थर बसतो आणि खालच्या बाजूला पाणी शिरायला वाट मिळत नाही, त्यामुळे सरळ वर ओढताना नांगराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लागतो. मात्र हा गाळ हळूहळू सुटतो. एकदम दिलेल्या हिसक्याला तो दाद देत नाही आणि मंद, सतत ताणापुढे टिकत नाही. असा ताण माणसाने द्यायचा नसतो, होडीने द्यायचा असतो.

होडी बरोबर नांगराच्या वर आली आणि दोर उभा झाला की दोघांपैकी जे मोकळे असेल त्याने नाळेकडे यावे. पुढे वजन आल्याने नाळ थोडी खाली बसते. तेवढा दोर आत घेऊन क्लीटवर घट्ट करावा आणि मग दोघांनीही मागे कॉकपिटकडे (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेकडे) जावे. नाळ वर उठू पाहते आणि नांगराला खेचते. लाटा असतील तर नाळ खाली येते त्या क्षणी सैल मिळालेला दोर पटकन घ्यावा आणि पुढच्या लाटेला होडी वर उचलू द्यावी. यानेही सुटला नाही तर भरतीची मदत घ्यावी. आपल्या होडीचा पाण्याच्या पातळीवरचा पसारा ७ चौरस मीटर धरला, तर ती १ सेंटीमीटर अधिक बुडवण्यासाठी ७० किलोंहून जास्त जोर लागतो. ओढ फक्त नाळेवर असल्यामुळे होडी पुढे झुकते आणि हिशेब तंतोतंत लागू होत नाही, तरी काही सेंटीमीटरांत माणसाच्या आवाक्याबाहेरचा ताण तयार होतो. आणि पाणी चढते किती वेगाने? उधाणाला ४ मीटरची भरती असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून तिचा निम्मा भाग, म्हणजे २ मीटर पाणी वाढते. मिनिटाला दीड सेंटीमीटरहून अधिक. उभा दोर क्लीटला घट्ट करून पाच मिनिटे थांबले की पुष्कळदा नांगर आपोआप सुटतो. त्या पाच मिनिटांत नाळेवरून हलू नये, दोराच्या सरळ रेषेत उभे राहू नये (ताणलेले नायलॉन तुटले तर जोरात उसळते), ताणाखालीही सोडता येईल असाच वेढा असावा आणि चाकू हाताशी असावा. नाळ जास्तच खाली जाऊ लागली तर दोर लगेच सोडावा.

ओहोटीच्या वेळी हा उपाय चालत नाही, म्हणून तेव्हा इंजिनाचा आधार घ्यावा : उभा दोर घट्ट करून, नांगर ज्या दिशेने रुतला त्याच्या उलट दिशेला, होडी अगदी मंद गतीने पुढे न्यावी. फाळ ज्या वाटेने गाळात गेले त्याच वाटेने बाहेर निघतात.

तिसरे काम हातांचे, पण तेही पाठीने नव्हे. कठड्यावर ओणवे होऊन दोर खेचू नये. डेकवर बसावे, तळपाय नाळेवरच्या कठड्याच्या बुडाशी टेकवावेत, गुडघे वाकलेले, पाठ सरळ आणि हात जवळजवळ ताठ ठेवावेत. दोर धरून कमरेतून मागे रेलायचे, क्लीटवर अर्धा वेढा टाकून पकड सांभाळायची, पुन्हा पुढे यायचे. वल्हवणारा माणूस मांड्यांच्या आणि धडाच्या जोरावर वल्हे खेचतो, तीच ही हालचाल आहे. आत आलेला दोर दोन्ही पायांच्या मधे पडू द्यावा. ओझे हातात असताना तो बाजूच्या पेटीत टाकण्यासाठी कंबर वळवणे फार वाईट, कारण वाकणे आणि वळणे एकत्र आले की चकत्यांवरचा ताण सर्वांत घातक होतो. दोराची नीट गुंडाळी नंतर करता येते. दोर ताकदीच्या दृष्टीने १० मिलिमीटरचा पुरत असला तरी हातात धरण्यासाठी १२ किंवा १४ मिलिमीटरचा घ्यावा, आणि चामडी तळव्यांचे हातमोजे वापरावेत. दोर किंवा साखळी हाताला कधीही गुंडाळू नये.

नाळेवर रोलर नसेल तर आपला पहिला खर्च त्याच्यावर व्हावा. रोलरमुळे घर्षण कमी होते, आणि त्याहून मोलाचे म्हणजे ओढण्याची दिशा बदलते : कठड्याबाहेर वाकून वर उचलण्याऐवजी बसून मागे ओढता येते. त्यापुढची पायरी म्हणजे शिडाचे दोर ताणण्यासाठी कॉकपिटजवळ असलेले विंच. नाळेवरून दोर एका कप्पीतून मागे नेऊन विंचवर घेतला तर हँडलने आठ-दहापट, कधी त्याहून जास्त ताकद मिळते. साखळी विंचवर घेऊ नये, ड्रम खराब होतो. साखळी नाळेशी आली की तिच्या कडीत हूक अडकवून हुकाचा दोर विंचवर घ्यावा.

शेवटचा अर्धा मीटर फसवा असतो. काम संपले असे वाटून माणूस बेसावध होतो आणि गाळाने भरलेला नांगर एका हाताने, वाकून, वर काढायला जातो. नांगर पाण्याच्या पृष्ठभागाखाली लोंबता ठेवून दोर क्लीटला बांधावा आणि होडी अगदी हळू पुढे-मागे न्यावी. बराचसा गाळ आपोआप धुऊन जातो. उरलेला बादलीने धुवावा, पण भरलेली बादलीही ७-८ किलोंची असते, तेव्हा अर्धीच भरावी.

आता विंडलास. आपल्या मापाच्या होडीवर ते बसवता येते, पण चालताना त्याला १२ व्होल्टवर दहा अँपिअरच्या कितीतरी पट वीज लागते; त्यासाठी जाड केबल, सर्किट ब्रेकर, मोठी बॅटरी आणि ते सगळे वजन छोट्या होडीच्या नाळेवर, जिथे ते सर्वांत कमी सोसते. शिवाय रुतलेला नांगर विंडलासच्या जोरावर उपटायचा नसतोच. तिथेही दोर बांधून होडीनेच सोडवायचा असतो. त्यापेक्षा वजन कमी करावे. डॅनफोर्थ पद्धतीचे ॲल्युमिनियमचे नांगर मिळतात, ते लोखंडी नांगराच्या साधारण निम्म्या वजनाचे असतात आणि गाळात चांगले धरतात. जेवणापुरते थांबण्यासाठी, होडीवर माणसे जागी असताना, ८ मीटरऐवजी ४ मीटर साखळी पुरेल, मात्र दोर भरपूर सोडला पाहिजे. तो हिशेब नेहमी भरतीच्या खोलीवर करावा. सुकतीला २ मीटर पाण्यात, पाण्यापासून १ मीटर उंच असलेल्या नाळेवरून पाचपट म्हणजे १५ मीटर दोर सोडला, तर ४ मीटर पाणी चढल्यावर खोली आणि उंची मिळून ७ मीटर होतात आणि तोच दोर जेमतेम दुप्पट उरतो. नांगर वाहू लागतो. तिथे ३५ मीटर हवा. दोर जास्त असण्याचा पाठीला त्रास नाही, कारण होडी पुढे सरकत असताना तो सैलच हाती येतो.

प्रश्न (ठाणे) : कोलशेतच्या बाजूला खाडीत आमचा नांगर कशात तरी अडकला आणि कितीही ओढले तरी निघेना. शेवटी दोर कापावा लागला. अशा वेळी काय करायला हवे होते?

उत्तर : गाळात रुतलेला नांगर आणि अडकलेला नांगर यांत फरक आहे, आणि तो ओळखणे हीच पहिली पायरी. रुतलेला नांगर ताण वाढवला की किंचित किंचित देत राहतो. अडकलेला अजिबात देत नाही किंवा लवचीक वस्तूसारखा परत खेचतो. दुसरा प्रकार जाणवला की जोर लावणे तिथेच थांबवावे. दोर थोडा सैल सोडून होडी मंद गतीने नांगराच्या पलीकडे न्यावी आणि उलट दिशेने ताण द्यावा. जमले नाही तर वर्तुळाच्या एकेका बाजूने तसाच प्रयत्न करावा. सोबत दुसरी होडी असेल तर आणखी एक मार्ग आहे : साखळीचे एक मोठे कडे करून ते आपल्या उभ्या दोरावरून नांगराच्या दांड्यावर खाली सरकवावे आणि दुसऱ्या होडीने त्याला बांधलेला दोर फाळांकडच्या बाजूने ओढावा.

खरा उपाय नांगर टाकण्यापूर्वीचा आहे. ज्या तळाची खात्री नाही तिथे नांगराच्या फाळांकडच्या टोकाला एक वेगळा बारीक पण मजबूत दोर बांधावा आणि त्याच्या वरच्या टोकाला लहान तरंगता बोया लावावा. हा दोर भरतीच्या खोलीपेक्षा थोडाच लांब असावा, नाहीतर दुसऱ्या होडीच्या पंख्यात जातो. नांगर अडकला तर याच दोराने तो उलटा, मागच्या बाजूने निघतो आणि अनेकदा एका हाताने येतो. कंबरेसाठी यापेक्षा स्वस्त विमा नाही. आणि जागा निवडताना जवळच्या कोळीवाड्यात विचारावे. चेंदणी असो वा दिवाळे, डोलीचे (प्रवाहात बांधायच्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट कुठे ठोकलेले आहेत, जुनी बुडालेली होडी कुठे आहे, कुठल्या वळणावर जाळी अडकतात, हे तिथल्या मंडळींना ठाऊक असते. पुलांच्या खाली आणि आसपास नांगर टाकूच नये. वाशी-ऐरोलीच्या बाजूला जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहे, तेव्हा तिथे थांबण्याआधी वन विभागाचे नियम विचारून घ्यावेत.

प्रश्न (ऐरोली) : पाण्यावर असतानाच पाठीत उसण भरली तर पहिल्या तासात काय करावे?

उत्तर : हातातले काम पुरे करण्याचा हट्ट सोडावा. दोर क्लीटला बांधून टाकावा. होडी नांगरावर आहे तोवर ती सुरक्षित आहे आणि घाई कशाचीच नाही. कॉकपिटच्या तळाशी पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, पिंडऱ्या बाकावर टेकता आल्या तर बरे वाटते. कळ ओसरली की हळूहळू उठून थोडे हालचाल करत राहावे. घरी आल्यावरही दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा सोसेल तेवढे चालणे हिताचे असते. मात्र कळ पायात खाली उतरत असेल आणि पायाचे बळ कमी झाल्यासारखे वाटत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. तिथे काही तासांच्या उशिराने कायमचे नुकसान होऊ शकते.

दुसरा माणूस नांगर उचलू शकत नसेल तर तो तिथेच सोडून यावा. यासाठी दोराचे शेवटचे टोक होडीत लोखंडी शॅकलने (खिळीच्या कडीने) पक्के न करता बळकट दोरीने बांधलेले असावे, ती दोरी डेकवर पोहोचेल एवढी लांब असावी आणि चाकूने कापता यावी. सोडण्यापूर्वी टोकाला फेंडर (होडीच्या कडेला लावायचा हवेचा फुगा) किंवा रिकामा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन बांधावा, काठावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी भांगाच्या किंवा थबकलेल्या पाण्यात, दुसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन तो काढून आणावा.